तारेतून जातात ती बोटं

नाशिकमध्ये सिडको-इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत कितीतरी घरांत कपाटाच्या वर चादरीत गुंडाळलेला एक कीबोर्ड असतो. मुलांच्या सुट्टीत हौसेनं आणलेला, थोडे दिवस क्लासला नेलेला आणि दहावी आली तसा वर गेलेला. त्याच्या मागच्या बाजूला एक छोटा चौकोनी पोर्ट असतो, ज्याच्याकडे घरात कुणाचं फारसं लक्ष गेलेलं नसतं. कीबोर्डचं निम्मं आयुष्य त्या पोर्टमध्ये आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. घरात लॅपटॉप आहेच. मधली तार दोन-तीनशे रुपयांची.

जोडणी अवघड नाही, तरी लोक अडतात. कारण तारेतून काय पाठवायचंय हे न ठरवता तार विकत आणलेली असते. कीबोर्डमधून दोन अगदी वेगळ्या गोष्टी बाहेर पडू शकतात. एक म्हणजे आवाज, स्पीकरमधून ऐकू येतो तोच, हेडफोनच्या जॅकमधून. दुसरी म्हणजे बोटांची हकिकत : कोणती पट्टी दाबली, केव्हा, किती वेगानं, आणि सोडली केव्हा. या हकिकतीला मिडी म्हणतात. मिडीच्या तारेत आवाजाचा लवलेश नसतो. पत्रात मजकूर येतो आणि आवाज वाचणाऱ्याचा लागतो, तसं हे आहे. तुम्ही वाजवलेलं संगणक सतारीच्या आवाजात वाचेल, पियानोच्या आवाजात वाचेल, किंवा आवाज न करता कागदावर उतरवून देईल. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या बहुतेक अडचणी कुठे आहेत ते आपोआप कळतं.

मिडी जुनं आहे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, एक सिक्वेन्शियलचा आणि एक रोलँडचा, एका तारेनं जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजत होता. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांचा त्यात मोठा वाटा. त्यांनी ही पद्धत सगळ्यांना मोकळी ठेवली, वापरासाठी पैसे मागितले नाहीत. म्हणूनच ऐंशीच्या दशकातला, मागे पाच भोकांचा गोल सॉकेट असलेला कीबोर्ड आजच्या लॅपटॉपशी अजूनही बोलतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या जगात इतकी वर्षं टिकलेलं दुसरं फारसं काही नाही, आणि मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

आधी मागची बाजू नीट बघा. चौकोनी, वरचे दोन कोपरे कापल्यासारखा दिसणारा आणि ‘यूएसबी टू होस्ट’ असं लिहिलेला पोर्ट असेल तर काम सगळ्यात सोपं. त्याला लागते ती प्रिंटरला लागते तीच केबल. एमजी रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात प्रिंटरची केबल म्हणून मागा, मिळेल. दीड-दोन मीटरची घ्या. पाच मीटरच्या पुढे यूएसबीचा भरवसा नाही. शेजारीच ‘टू डिव्हाइस’ असं लिहिलेला चपटा पोर्ट असला तर तो पेन ड्राइव्हसाठी आहे, त्यात लॅपटॉप लावायचा नाही. अलीकडच्या काही हलक्या मॉडेलांना, विशेषतः कॅसिओच्या, मायक्रो यूएसबी असतो, आणि तिथे एक वेगळाच घोळ होतो. घरात सापडते ती जुन्या मोबाईलची केबल. अशा कितीतरी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात आणि माहिती नेणाऱ्या दोन तारा नसतातच. केबल घट्ट बसते, सगळं ठीक दिसतं, आणि लॅपटॉपला काहीच कळत नाही. त्याच केबलनं फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेता येतात का ते बघा. येत असतील तर केबल चांगली.

पाच भोकांचा गोल सॉकेट असेल तर मध्ये यूएसबी-मिडी इंटरफेस लागतो. तारेसारखाच दिसतो, मध्ये एक छोटी डबी असते. त्याच्या दोन टोकांवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असतं, आणि गोंधळ नेमका इथे होतो. साधारण नियम असा की ‘इन’ लिहिलेलं टोक कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये जातं, कारण कीबोर्डमधून बाहेर पडलेलं त्या डबीत शिरायचं असतं. पण काही स्वस्त केबलींवर ‘कुठे लावायचं’ ते छापलेलं असतं, म्हणजे अर्थ बरोबर उलटा. पट्टी दाबल्यावर डबीवरचा दिवा लुकलुकला नाही तर टोकांची अदलाबदल करा, काही बिघडत नाही. अगदी स्वस्त डब्या मात्र घेऊ नयेत. मिडीच्या नियमानुसार आत येणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर हवा. तो निरोप प्रकाशानं पलीकडे देतो, त्यामुळे दोन यंत्रांचं विजेचं नातं तुटलेलं राहतं. स्वस्त डबीत तो वाचवलेला असतो, आणि खूप स्वर एकदम आले की काही निरोप गळतात. सोडल्याचा निरोप गळला तर तो स्वर नुसता वाजत राहतो. लॅपटॉपवरच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅनिक’ नावाचं बटण असतं ते याचसाठी.

क्रम पाळावा. आधी केबल लावा, मग कीबोर्ड चालू करा, मग सॉफ्टवेअर उघडा. सॉफ्टवेअर आधी उघडलेलं असेल तर पुष्कळदा त्याला कीबोर्ड दिसत नाही, बंद करून पुन्हा उघडावं लागतं. हब नको, लॅपटॉपच्या पोर्टमध्ये थेट लावा. यूएसबीनं या कीबोर्डांना वीज मिळत नाही, अडॅप्टर किंवा सेल लागतातच. आणि अडॅप्टर कीबोर्डचाच वापरा : यामाहाचे बरेच १२ व्होल्टवर चालतात, जुने कॅसिओ ९ व्होल्टवर, आणि पिनच्या मधल्या टोकाला अधिक की उणं हेही सगळ्यांत सारखं नसतं. अडॅप्टरवरची छोटी गोल खूण कीबोर्डवरच्या खुणेशी जुळवूनच लावा. काम चालू असताना मध्येच कीबोर्ड गायब झाला तर घाबरू नका. बहुतेक कीबोर्ड अर्ध्या तासाच्या आसपास हात लागला नाही की स्वतःच बंद होतात. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून धरून चालू केलं की ही सवय सुटते.

विंडोजमध्ये यामाहा बऱ्याचदा ‘डिजिटल कीबोर्ड’ या नावानं दिसतो, कॅसिओ ‘कॅसिओ यूएसबी-मिडी’ म्हणून. काही यामाहांना कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला यंत्र ओळखवून देणारा छोटा प्रोग्राम, उतरवून घ्यावा लागतो, मॅकला त्याची गरज पडत नाही. विंडोजवर एक मिडी कीबोर्ड बहुधा एकाच प्रोग्रामला मिळतो. म्युझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर मागे उघडं असेल आणि रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला कीबोर्ड सापडत नसेल तर दोष कुणाचाच नाही, एक बंद करा.

आता एक गोष्ट प्रत्येकानं एकदा तरी करावी असं मला वाटतं. मिडी-ऑक्ससारखा फुकट मॉनिटर, म्हणजे तारेतून येणारे निरोप दाखवणारा प्रोग्राम, उघडा आणि मधल्या सप्तकाचा ‘सी’, म्हणजे आपली पांढरी एक, हळूच दाबा. आकडे दशमान पद्धतीत दाखवायला सांगितलेलं असेल तर पडद्यावर एक ओळ उमटते : १४४, ६०, ४८. सोडा, दुसरी ओळ येते : १२८, ६०, ६४ किंवा १४४, ६०, ०. पहिला आकडा ‘पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू’ असं सांगतो (चॅनेल म्हणजे एकाच तारेतली वेगळी वाट), दुसरा पट्टीचा क्रमांक, तिसरा दाबण्याचा वेग. सगळे आकडे ० ते १२७ मधले किंवा १२८ ते २५५ मधले. पहिला गट मोजमापाचा, दुसरा हुकमाचा. काळी एक म्हणजे ६१, काळी चार म्हणजे ६८. जुन्या गोल तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे या तीन आकड्यांना साधारण एक मिलिसेकंद लागतो. तुमच्या हातून निघालेलं सगळं संगीत एवढ्याशा ओळींत मावलेलं बघणं हा खरोखर वेगळा अनुभव आहे. काही कीबोर्ड सतत २५४ हा आकडाही पाठवत राहतात. तो फक्त ‘मी जागा आहे’ असं सांगतो. मॉनिटरमध्ये तो लपवायची सोय असते.

ही खिडकी दुरुस्तीलाही उपयोगी आहे. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या पट्टीवर कार्बनचे दोन संपर्क असतात. दाबताना एक आधी टेकतो, दुसरा नंतर, आणि दोन्हींमधल्या वेळेवरून वेग ठरतो. नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत आणि एरवीच्या धुळीत हे संपर्क खराब होतात. मग एखादी पट्टी कशीही दाबा, तिसरा आकडा १२७ येतो, किंवा एका दाबात दोन ओळी उमटतात, किंवा काहीच उमटत नाही. कान नुसतं ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणतो, आकडे नेमकी पट्टी दाखवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ते संपर्क आणि खालचा बोर्ड हलक्या हातानं पुसून पूर्ण वाळू दिला की बहुतेक वेळा काम होतं. सगळ्याच पट्ट्यांवर तिसरा आकडा तोच तो येत असेल तर बिघाड नाही, तुमच्या कीबोर्डला टच रिस्पॉन्स, म्हणजे दाबण्याप्रमाणे आवाज लहानमोठा करायची सोय, नाही किंवा तो बंद आहे.

यानंतर येतो तो उशीर, आणि खरं तर इथेच बहुतेक लोक कंटाळून केबल काढून ठेवतात. पट्टी दाबली, आवाज मागाहून आला. यात कीबोर्डचा किंवा केबलचा दोष जवळजवळ कधीच नसतो. विंडोजमध्ये आधीपासून बसलेला ‘जीएस वेव्हटेबल’ नावाचा आवाज निवडलेला असतो, आणि त्याचा उशीर जाणवण्याइतका मोठा आहे. तो वाजवण्यासाठी वापरूच नका. एएसआयओ ड्रायव्हर वापरा, तो आवाज कमी उशिरात बाहेर काढतो. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकात आवाज आत-बाहेर नेणारी डबी, असेल तर त्याचा स्वतःचा असतो, नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल फुकट मिळतो. मग बफरचा, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठवून एकदम पुढे पाठवायचे तो, आकडा बघा. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साडेअकरा, २५६ म्हणजे सहाच्या आत, १२८ म्हणजे तीनच्या आत. ड्रायव्हर स्वतःचं थोडं त्यात घालतोच. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा आवाज ऐकण्याइतकाच. तेवढं सहज चालतं. २५६ पासून सुरुवात करा, तडतड येऊ लागली तर ५१२ वर जा, लॅपटॉप दमदार असेल तर १२८. ब्लूटूथचे स्पीकर आणि इअरफोन मात्र वाजवताना विसरा. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जातो आणि कुठल्याही सेटिंगनं तो पुरेसा कमी होत नाही. तारेचे हेडफोन लावा.

एकच पट्टी दाबून दोन स्वर ऐकू येत असतील, एक कीबोर्डचा आणि एक संगणकाचा, तर कीबोर्डचा ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. त्यानं पट्ट्या आणि कीबोर्डचा स्वतःचा आवाज यांची जोडणी सुटते. ते सेटिंग मेनूत सापडत नसेल तर कीबोर्डचा आवाज शून्यावर आणा, मिडीवर त्याचा परिणाम होत नाही. आणि काम झालं की लोकल पुन्हा चालू करा, नाहीतर उद्या केबल न लावता वाजवायला बसणाऱ्याला कीबोर्ड मुका झाल्यासारखा वाटेल.

आपल्याकडे कीबोर्डवर बसणाऱ्या पुष्कळांचा हात हार्मोनियमवर तयार झालेला असतो, आणि त्याचा या आकड्यांशी थेट संबंध आहे. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यात असतो. पट्टी जोरात दाबा की हळू, सूर तेवढाच निघतो. त्यामुळे पेटीच्या हाताची बोटं वेगाकडे बघतच नाहीत, आणि पियानोचा आवाज लावला की तिसऱ्या आकड्यात ४० नंतर ९५, मग ६०, असा ओबडधोबड खेळ दिसतो. ऐकायलाही तुटक वाटतं. हात चुकीचा नाही. त्या हाताला भाता द्या. टच रिस्पॉन्स बंद करा किंवा सॉफ्टवेअरमध्ये वेग ८० च्या आसपास बांधून टाका, आणि चढउतारासाठी ११ क्रमांकाचा कंट्रोल वापरा, ज्याला एक्स्प्रेशन म्हणतात. तो पायाच्या पेडलवर किंवा एखाद्या फिरत्या बटणावर बसवता येतो. भजनाची साथ अशी रेकॉर्ड केली की ओळीच्या शेवटी सूर जसा विरायला हवा तसा विरतो.

मिंडेचं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याचं, मात्र खरं दुखणं आहे. पट्ट्या म्हणजे सुटे सुटे स्वर, मधली वाट नाही. ज्या कीबोर्डांना पिच बेंडचं चाक आहे त्यांच्यावर ती वाट थोडी मिळते. चाकाचे एकूण १६,३८४ टप्पे असतात, मध्य ८,१९२ वर, त्यामुळे सरकणं गुळगुळीत होतं. पण चाकाची पोच ठरीव म्हणजे वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर. सा वरून शुद्ध गंधारापर्यंत चार अर्धस्वर होतात, चाक पूर्ण ढकललं तरी तुम्ही रिषभावरच थांबाल. पिच बेंड रेंज ४ किंवा ५ करा, आणि हे कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे सारखं असू द्या, नाहीतर रेकॉर्ड केलेली मींड भलत्याच स्वरावर उतरते. दुसरी खबरदारी : बेंड पूर्ण चॅनेलला लागतो. तानपुऱ्याचा षड्ज त्याच चॅनेलवर धरून ठेवला असेल तर मिंडेबरोबर तोही सरकतो, आणि ते ऐकवत नाही. तानपुरा दुसऱ्या चॅनेलवर ठेवा.

स्वर लिहून ठेवायची धडपड नाशिकला नवी नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी इथे पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या गायकानं स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवली, आणि तिच्यात स्वराखालच्या खुणा तो स्वर किती मात्रा टिकतो ते सांगतात. मिडीची फाइल बरोबर हेच दोन प्रश्न सोडवते, कोणता स्वर आणि किती वेळ. म्हणून विद्यार्थ्यासाठी या जोडणीचा सगळ्यात मोठा उपयोग मला लेखनात दिसतो. म्युझस्कोर फुकट आहे. त्यात वाजवून लिहिताना मात्र एक समजून घ्या : आलाप थेट वाजवून लिहू नका. सॉफ्टवेअरला प्रत्येक स्वर मात्रेच्या चौकटीत बसवावाच लागतो, आणि लय न धरलेल्या आलापाचं ते बत्तिसाव्या भागाच्या स्वरांचं आणि जोडरेघांचं जंगल करून देतं. आलाप एकेक स्वर देत, स्टेप पद्धतीनं लिहा. बंदिश असेल तर आधी ताल सांगा : केरव्याला चार-चार, रूपकाला सात-चार, झपतालाला पाच-चार धरून दोन माप. मग मेट्रोनोम लावून वाजवा. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ करताना जोर शंभर टक्के ठेवू नका. पन्नास टक्क्यांवर स्वर मात्रेजवळ सरकतात आणि हाताची ढब शिल्लक राहते.

ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे स्वर वर-खाली सरकवणारं, बटण इथे फसवतं. काळी चारमध्ये गाणाऱ्यासाठी साथ करताना ट्रान्सपोज लावून पांढरी एकपासून वाजवायची सवय अनेकांना असते. काही कीबोर्ड तारेतून दाबलेली पट्टी पाठवतात, काही सरकवलेला स्वर. मॉनिटरवर बघा : ट्रान्सपोज लावून पांढरी एक दाबली आणि ६० आलं तर पहिला प्रकार, ६८ (किंवा खाली सरकवलं असेल तर ५६) आलं तर दुसरा. पहिल्या प्रकारात ट्रान्सपोज सॉफ्टवेअरमध्येही लावावा लागेल.

आवाजच पाठवायचा असेल, उदाहरणार्थ कीबोर्डमधले तबला-तानपुऱ्याचे खास भारतीय टोन आणि ठेके, तर मिडी कामाचं नाही. जनरल मिडी या सगळ्या यंत्रांना सामाईक असलेल्या १२८ वाद्यांच्या यादीत सतार १०५ वर आहे, शहनाई ११२ वर, पण तबला नाहीच आणि पेटीच्या सगळ्यात जवळचं म्हणजे २१ वरचा रीड ऑर्गन. ते टोन फक्त तुमच्या कीबोर्डच्या पोटात आहेत, दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल लावली तर तबल्याच्या जागी भलतंच काही वाजेल. म्हणून ते आवाज म्हणूनच रेकॉर्ड करा. लॅपटॉपच्या एकमेव गोल जॅकमध्ये कीबोर्डचा हेडफोन घालू नका. तिथे माइकची अपेक्षा असते, आवाज एकेरी येतो आणि फाटतो. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या, कीबोर्डचा आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवा आणि सॉफ्टवेअरमधली सगळ्यात उंच उडी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये बसवा. नव्या काही कीबोर्डांत याच यूएसबी केबलीतून आवाजही येतो, तेव्हा वेगळा इंटरफेस लागत नाही. फक्त रेकॉर्डिंगचा आवाज परत कीबोर्डच्या स्पीकरवर जाऊन पुन्हा रेकॉर्ड होत नाही ना ते बघा, नाहीतर किंचाळी ऐकू येईल.

घूं असा सलग आवाज येत असेल तर अर्थिंगकडे बघा. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांमध्ये अजून असे पॉइंट आहेत ज्यांच्या तिसऱ्या भोकामागे तारच नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात त्या यामुळेच. यूएसबी आणि ऑडिओ अशा दोन तारा एकाच जोडीत लावल्या की जमिनीचा वेढा पूर्ण होतो आणि ५० हर्ट्झची घरघर आत शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर कारण सापडलं. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, ऑडिओच्या तारेत आयसोलेटर लावा, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. चार्जरची तिसरी पिन काढून घरघर घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो जिवावरचा आहे.

रेकॉर्डिंग झाल्यावर तीन फाइली ठेवा : सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल, सुटी मिडी फाइल आणि आवाजाची वेव्ह फाइल. प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडेलच असं नाही, आवाज देणारं प्लगिन तिथे नसेल. वेव्ह कुठेही वाजते, पण तिच्यातला चुकलेला एक स्वर नंतर बदलता येत नाही. मिडी फाइल काही किलोबाइटची असते, कुठेही उघडते, आणि एकेक स्वर दुरुस्त होतो. नाव देताना ‘नवीन १’ असं ठेवू नका. ‘भूप, काळी चार, झपताल, लय ७२’ असं लिहा, आणि पिच बेंड रेंज बदलली असेल तर तोही आकडा शेवटी घाला.